कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे: डेटा साफ करताना नलचं काय करायचं

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीच्या वहीत एका होडीचा ऑक्टोबरमधला आठवडा असा दिसू शकतो. सोमवारी १२० किलो बांगडा. मंगळवारी ०. बुधवारचा रकाना कोरा. गुरुवारी ८०. शुक्रवार पुन्हा कोरा. शनिवारी १४०, रविवारी ६०. या होडीला रोज सरासरी किती मासळी मिळाली?

बेरीज ४००. नोंद असलेल्या पाच दिवसांनी भागलं तर सरासरी ८० किलो. कोऱ्या रकान्यांत शून्य टाकून सातांनी भागलं तर ५७. आणि कुणी ‘शून्य म्हणजे नोंदच नाही’ असं धरून मंगळवारही वगळला, तर चारांनी भागून थेट १००. वही तीच, होडी तीच आणि उत्तरं तीन. भागाकार कुणाचाच चुकलेला नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनाने लावला, एवढंच झालं.

डेटाच्या भाषेत या कोऱ्या जागेला नल म्हणतात. डेटा साफ करणं, एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणं, दोन तक्ते जोडणं, या सगळ्या कामांत सर्वांत जास्त गोंधळ नलमुळे होतो. तो गोंधळ दिसतही नाही, कारण बहुतेक वेळा प्रोग्रॅम बंद पडत नाही. तो निमूटपणे एक आकडा देतो आणि तो आकडा अहवालात जातो.

रकाना कोरा का राहिला हे वही लिहिणाऱ्याला माहीत असतं, कॉम्प्युटरला नाही. म्हणून असा डेटा हातात आला की पहिलं काम म्हणजे त्या माणसाला गाठणं. ‘काका, शुक्रवारचं वजन लिहायचं राहिलं का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘होडी गेलीच नाय, मगे लिवतलंय काय?’ बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता, सगळ्या होड्या वर ओढलेल्या होत्या. मग बुधवार? बुधवारची गोष्ट निराळी. होडी गेली होती, मासळीही मिळाली होती, पण तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, ती देवगडला उतरवून तिथेच विकली आणि वजन इथे कळवलं नाही.

म्हणजे या एका आठवड्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मंगळवारी होडी गेली आणि काही मिळालं नाही. हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ते शून्य आहे. बुधवारी वजन होतं, पण आपल्याला ठाऊक नाही. शुक्रवारी वजनाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वहीत मात्र बुधवार आणि शुक्रवार अगदी सारखे दिसतात.

डेटाबेसचा पाया घालणारे ई. एफ. कॉड यांनाही हा फरक दिसला होता. आयबीएममध्ये असताना त्यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं, १९७९ मध्ये त्यात नलचा विचार सविस्तर आणला, आणि पुढे दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: ‘माहिती असायला हवी पण नाही’ आणि ‘माहिती इथे लागूच नाही’. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा असलेल्या एसक्यूएलमध्ये मात्र एकच नल राहिला. त्यामुळे हा फरक जपायचा तर आपल्यालाच वेगळी सोय करावी लागते. ती कशी, ते पुढे येईल.

उत्तर काढताना प्रश्नही नेमका हवा. ‘समुद्रात गेल्यावर एका दिवसाला किती मिळतं?’ असा प्रश्न असेल तर शुक्रवार हिशेबातच येत नाही. होडी सहा दिवस गेली, त्यांपैकी पाच दिवसांची नोंद आहे, त्या पाचांची सरासरी ८०. ‘या होडीतून त्या त्या दिवशी बाजारात किती मासळी आली?’ असा प्रश्न असेल तर त्याच शुक्रवारचं उत्तर शून्य आहे आणि ते बिनचूक आहे. बुधवारला मात्र दोन्ही प्रश्नांत कोराच ठेवावं लागतं. आणि आठवड्याची बेरीज सांगताना ‘४००’ नव्हे, ‘किमान ४००’ म्हणावं लागतं.

सरकारी कचेऱ्यांत ही गोष्ट एका शब्दाने फार चांगली साधलेली आहे: निरंक. तालुक्याला अहवाल पाठवताना काही घडलं नसेल तर रकाना मोकळा सोडत नाहीत, ‘निरंक’ लिहितात. आम्ही पाहिलं आणि काही नव्हतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे तो शून्य आहे, नल नाही. पण हे कागद एक्सेलमध्ये चढवताना कुणीतरी ‘आकड्यांच्या कॉलममध्ये अक्षरं नकोत’ म्हणून सगळे ‘निरंक’ पुसून टाकतो, आणि अहवाल देणारी गावं व न देणारी गावं एका क्षणात सारखी होतात. हे नुकसान नंतर भरून काढता येत नाही.

वेषांतर केलेले नल

उलट प्रकारही तितकाच घातक. नल असायला हवा तिथे काहीतरी दुसरंच बसलेलं असतं. एक आडवी रेघ. ‘ला. ना.’, म्हणजे लागू नाही. एक मोकळी स्पेस, जी डोळ्यांना दिसत नाही. फोन नंबरच्या जागी दहा वेळा नऊ. वयाच्या जागी ९९. तारखेच्या जागी १ जानेवारी १९००. अक्षांश-रेखांशाच्या जागी शून्य-शून्य, जो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात भर समुद्रात आहे. वेंगुर्ल्याची होडी नकाशावर तिथे दिसायला लागली तर जीपीएस नोंद आलेलीच नव्हती असं समजावं. या सगळ्यांना साफसफाईच्या पहिल्या टप्प्यातच ओळखून खरा नल करायचा. त्यासाठी प्रत्येक कॉलममधल्या वेगवेगळ्या किमती आणि त्या किती वेळा आल्या याची यादी काढावी. फोनच्या कॉलममध्ये एकच नंबर दोनशे वेळा आला असेल तर तो नंबर कुणाचाच नाही.

‘वरीलप्रमाणे’ हा आणखी एक खास वहीतला प्रकार. होडीचं नाव एकदाच लिहायचं आणि खालच्या चार ओळी मोकळ्या सोडायच्या. इथे कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘वर आहे तेच’. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या डेटा साफ करायच्या साधनात यासाठी फिल डाउन (वरची किंमत खाली ओढणं) आहे आणि ते चोख काम करतं, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ते फक्त नल भरतं. रकान्यात रिकामी अक्षरमाला, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, असेल तर तिला हात लावत नाही, म्हणून तिला आधी नल करून घ्यावं लागतं. आणि त्याआधी ओळींचा क्रम कुणी बदलला असेल तर एकाची मासळी दुसऱ्याच्या नावावर चढते.

उलट्या दिशेची एक फसगत कोकणात जमिनीच्या यादीवर काम करणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. जमीन बिनशेती असेल तर आपण सर्रास ‘एनए’ म्हणतो, आणि यादीत इंग्रजी अक्षरांत तीच दोन अक्षरं टाकतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पांडाज हे साधन अशी यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइलमधून वाचताना त्या दोन अक्षरांना ‘माहिती नाही’ असं समजतं आणि सगळे एनए प्लॉट नल करून मोकळं होतं. फाइल वाचताना ‘कीप डिफॉल्ट एनए’ ही खूण फॉल्स केली, आणि कोणत्या अक्षरांना नल मानायचं हे आपण स्वतः सांगितलं, की हा प्रश्न सुटतो.

नलचं गणित

शून्य हा आकडा आहे, नल आकडा नाही. त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलना ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देत नाही. तिसरंच उत्तर येतं, ‘ठाऊक नाही’. वरच्याच आठवड्यावर एसक्यूएलमध्ये ‘वजन ५० पेक्षा कमी’ अशी चाळणी लावा: मंगळवार येतो, एक ओळ. मग ‘वजन ५० किंवा जास्त’ अशी लावा: सोमवार, गुरुवार, शनिवार, रविवार, चार ओळी. एक आणि चार मिळून पाच. आठवड्याचे दिवस सात. बुधवार आणि शुक्रवार दोन्ही चाळण्यांतून गळाले, कारण त्यांच्याबाबत दोन्ही वेळा उत्तर ‘ठाऊक नाही’ होतं आणि चाळणी फक्त ‘हो’ असलेल्या ओळी ठेवते. म्हणूनच ‘वजन बरोबर नल’ असं लिहिलं तर काहीच सापडत नाही. ‘इझ नल’ असं विचारावं लागतं. एक नल दुसऱ्या नलबरोबरही नसतो, कारण ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी एकच आहेत असं म्हणायला आपल्याकडे आधार काय?

याचा सर्वांत वाईट फटका ‘नॉट इन’, म्हणजे ‘यादीत नसलेलं शोध’, वापरताना बसतो. समजा सोसायटीला डिझेल परताव्याचा अर्ज न भरलेल्या होड्यांची यादी हवी आहे. एका तक्त्यात सगळ्या होड्या, दुसऱ्यात आलेले अर्ज. ‘अर्जांच्या यादीत नसलेल्या होड्या दाखव’ असं विचारलं, आणि अर्जांपैकी फक्त एकावर होडीचा नंबर लिहायचा राहिला असेल, तर उत्तरात एकही होडी येत नाही. कारण तो नंबर नसलेला अर्ज कुणाचाही असू शकतो, म्हणून कुठल्याच होडीबद्दल ‘हिचा अर्ज नाही’ असं खात्रीने म्हणता येत नाही. तर्क अचूक आहे. पण बघणाऱ्याला वाटतं सगळ्यांनी अर्ज भरले, आणि ज्यांना आठवण करून द्यायला हवी होती ते राहून जातात. इथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरावं, म्हणजे होड्या नीट मिळतात, आणि नंबर नसलेल्या अर्जांची वेगळी यादी काढून हातात घ्यावी.

साधनागणिक नियम बदलतात हीदेखील डोकेदुखी आहे. एक्सेलमध्ये कोऱ्या सेलमध्ये १२० मिळवले तर १२० येतात. त्याच तक्त्यावर पॉवर क्वेरीत बांगडा अधिक सुरमई असा कॉलम केला आणि सुरमई नल असेल, तर उत्तर नल. एसक्यूएलमध्ये सगळेच रकाने नल असतील तर बेरीज नल येते, पांडाजमध्ये शून्य. गावाप्रमाणे गट पाडले तर एसक्यूएल गाव नसलेल्या ओळींचा एक वेगळा गट करतं, पांडाज त्या ओळी आपणहून गाळतं. म्हणून गावनिहाय बेरजा मिळवून एकूण आकड्याशी ताडून पाहणं ही सवय ठेवावी. ओरॅकल या डेटाबेसमध्ये रिकामी अक्षरमाला म्हणजेच नल. पांडाजमध्ये पूर्णांकांच्या कॉलममध्ये एक जरी नल शिरला तरी सगळा कॉलम दशांशाचा होतो आणि मालवणचा पिन कोड ४१६६०६.० असा दिसू लागतो. पिन कोडची कधी बेरीज करायची नसते, तेव्हा तो अक्षरं म्हणूनच वाचावा.

काही नल कुठल्याच मूळ वहीत नसतात, ते तक्ते जोडताना जन्माला येतात. होड्यांच्या यादीला जूनमधली मासळी लेफ्ट जॉइनने, म्हणजे पहिल्या यादीतली प्रत्येक ओळ राखून, जोडली की बहुतेक होड्यांसमोर नल येतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळे या ६१ दिवसांचा नल म्हणजे ‘लागू नाही’. तो शून्य करून वर्षाची रोजची सरासरी काढली तर ३६५ ने भागलं जातं. शून्य केला नाही तर ३०४ ने. शिवाय तिथे ओळी मोजताना ‘सगळ्या ओळी मोज’ म्हटलं तर मासळी न आणलेली होडीही एक मोजली जाते. ‘वजन असलेल्या ओळी मोज’ म्हटलं तर शून्य येतं. आणि जोडायच्या कॉलममध्येच नल असतील तर एसक्यूएल त्यांना एकमेकांशी जुळवत नाही, पण पांडाज जुळवतं: एका बाजूला नंबर नसलेल्या ४० ओळी आणि दुसऱ्या बाजूला ३० असतील तर तुमच्या तक्त्यात १२०० खोट्या ओळी तयार होतात.

पाऊस जास्त, नोंद कमी

आता रकाना भरायचा प्रश्न. सरासरी टाकावी, आधीची किंमत पुढे ओढावी, की ती ओळच काढून टाकावी? हे ठरवण्याआधी माहिती का गायब झाली हे पाहावं लागतं. संख्याशास्त्रज्ञ डोनल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये याची मांडणी केली, ती आजही प्रमाण मानली जाते. पावसाच्या नोंदींवरून ती चटकन समजते.

हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला गेल्या २४ तासांचा पाऊस मोजतात. एखाद्या केंद्रावरच्या कागदाचं एखादं पान हरवलं, कुठलंही, तर त्या गायब होण्याचा पावसाशी काही संबंध नाही. उरलेल्या दिवसांवरून अंदाज बांधला तर चालतो. दुसरा प्रकार: नोंद करणारा माणूस रविवारी सुट्टीवर असतो. माहिती ठरावीक दिवशी गायब होते, पण ते कारण आपल्या डेटातच, वाराच्या कॉलममध्ये आहे, म्हणून सांभाळून घेता येतं. तिसरा प्रकार खरा अवघड: पाऊस फार झाला म्हणूनच नोंद झाली नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा कित्येक गावांची वीज आणि फोन अनेक दिवस बंद होते. अशा दिवशी एखाद्या स्वयंचलित यंत्राची नोंद पोचली नाही, आणि त्या कोऱ्या जागी आपण महिन्याची सरासरी भरली, तर वर्षातला सर्वांत भयानक दिवस कागदावर साधारण दिवस होतो. कोकणात हा प्रकार अपवाद नाही. इथे जे दिवस मोजायलाच हवेत, नेमके तेच दिवस कोरे राहण्याची शक्यता जास्त असते, आणि पूररेषा असो की नुकसानभरपाई, निर्णय त्याच दिवसांच्या आकड्यांवर होतात.

पर्जन्यमापकाचा आणखी एक बारकावा आहे. शनिवारी पावसामुळे कुणी पोचू शकलं नाही, रकाना कोरा. रविवारी सकाळी नळकांड्यात १८० मिलिमीटर पाणी सापडलं. हे पाणी रविवारचं नाही, दोन दिवसांचं मिळून आहे. पण तक्त्यात शनिवार नल आणि रविवार १८० असंच चढतं. हवामान खात्याच्या वर्गवारीत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार पाऊस. प्रत्यक्षात दोन्ही दिवशी ९०-९० झाला असेल तर तो ६४.५ ते ११५.५ च्या, म्हणजे जोरदारच्या वर्गात बसतो. आणि साफसफाई करणाऱ्याने शनिवारच्या जागी सरासरी म्हणून ४० भरले, तर आधी निदान महिन्याची बेरीज बरोबर होती, तीही बिघडली. इथे योग्य गोष्ट एकच: शनिवार तसाच नल ठेवायचा, रविवारच्या आकड्याला ‘दोन दिवसांची बेरीज’ अशी खूण करायची, महिन्याच्या बेरजेत तो घ्यायचा आणि रोजच्या वर्गवारीतून वगळायचा.

सरासरी भरण्याचा दोष होडीच्या आठवड्यातही दिसतो. दोन कोऱ्या दिवशी ८०-८० भरले तर सरासरी ८०च राहते, म्हणून वरवर काही बिघडलेलं दिसत नाही. पण आकड्यांचा चढउतार मोजणारं प्रमाण विचलन सुमारे ४९ वरून ४१ वर येतं. धंदा आहे त्यापेक्षा स्थिर दिसू लागतो. बँकेत कर्जाच्या अर्जाला असा तक्ता जोडला तर तो वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. माझं मत स्पष्ट आहे: भरणं ही शेवटची पायरी असावी, आणि भरलेला प्रत्येक आकडा भरलेला म्हणून ओळखता यायलाच हवा.

त्यासाठी वजनाच्या कॉलमशेजारी आणखी दोन कॉलम पुरतात. एक ‘कारण’, त्यात मोजकेच शब्द: गेली नाही, बंदी, कळवलं नाही, वाचता येत नाही. दुसरा ‘अंदाज’, त्यात हो किंवा नाही. मूळ वजनाचा कॉलम हात न लावता तसाच ठेवायचा आणि भरलेली किंमत नव्या कॉलममध्ये ठेवायची. ‘कोअलेस’सारखं फंक्शन, जे नलच्या जागी आपण दिलेली किंमत ठेवतं, ते अहवाल छापताना वापरावं, मधल्या टप्प्यांत नको, कारण एकदा मध्येच शून्य झालेला नल पुढे कुणालाच ओळखता येत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर प्रत्येक कॉलममधले नल मोजून लिहून ठेवावेत. जोडणीआधी १२ होते आणि नंतर ३१२ झाले, तर पुढे जाण्याआधी थांबायचं.

नव्याने माहिती गोळा करताना तर हे काम कितीतरी सोपं होतं. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये सगळे रकाने सक्तीचे केले की डेटा पूर्ण येईल असं वाटतं. येतो तो भरलेला डेटा, पूर्ण नव्हे: लिलाव चालू असताना घाईत असलेला माणूस फॉर्म पुढे सरकावा म्हणून शून्य टाकतो, आणि ते शून्य मंगळवारच्या खऱ्या शून्यासारखंच दिसतं. वजनाचा रकाना ऐच्छिक ठेवा, सुरुवातीला त्यात आपोआप शून्य दिसू देऊ नका, आणि तो मोकळा राहिला तरच ‘कारण’ सक्तीचं करा, एका बोटाने निवडता येतील अशा चार पर्यायांत. त्यात ‘माहीत नाही’ हा पर्याय हवाच. होडीचा नंबर आणि तारीख मात्र डेटाबेसमध्ये ‘नॉट नल’, म्हणजे कोरे सोडताच येणार नाहीत असे, ठेवा. त्या दोन गोष्टींशिवाय आलेली ओळ कुणाची आणि कधीची हे नंतर किनाऱ्यावर जाऊन विचारलं तरी कळत नाही.